एर्लनश्टाइगची वही

मंगळवारी सकाळपर्यंत पद्माकर गजभियेला हो किंवा नाही कळवायचं होतं. मनातून त्याने शुक्रवारीच हो म्हणून टाकलं होतं.

कंपनीचं मुख्य ऑफिस जर्मनीत. तिथल्या जुन्या कारखान्यात तीन वर्षांसाठी त्याला परत बोलावलं होतं. राहायला तेच गाव, एर्लनश्टाइग. सिंगापूरला येण्याआधी तो, बायको प्रियदर्शिनी आणि छोटी जान्हवी तिथे दोन वर्षं राहिले होते. आता प्रियदर्शिनीला जाऊन वर्ष झालं होतं. जान्हवी बारा वर्षांची, नुकतीच सहावीची मोठी परीक्षा दिलेली. तिला नागपूरला मावशीकडे ठेवायचं आणि आपण एकट्याने जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मावशी, म्हणजे प्रियदर्शिनीची थोरली बहीण मीराताई, पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनासाठी आली होती आणि गुरुवारी परत जाणार होती. तिच्याबरोबरचं जान्हवीचं तिकीट काढून खणात ठेवलं होतं. जान्हवीला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं काम आज-उद्यावर ढकलत ढकलत रविवार उजाडला.

पुण्यानुमोदन घरातच होतं, बुओना व्हिस्टाच्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माणसं वीसेक जमली, बहुतेक आपलीच, जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर नोकरी करणारी, दोघं-तिघं युनिव्हर्सिटीतली मुलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धाच्या मूर्तीशेजारी प्रियदर्शिनीचा फोटो होता. फोटोतली ती कोणाकडे तरी बघून हसत होती. तो फोटो पद्माकरने काढलेला नव्हता आणि कोणी काढला हे त्याला आठवत नव्हतं. त्रिशरण, पंचशील झालं. मग ओळखीच्या दोघांनी तिच्याविषयी चार शब्द सांगितले. पद्माकरलाही बोला म्हणाले. तो उभा राहिला, ती फार सोशिक होती म्हणाला, आणि बसला.

जेवणं झाल्यावर माणसं पांगली. निशिकांत रामटेके आणि त्याची बायको निहारिका मागे राहिले. पद्माकरने एर्लनश्टाइगचा फ्लॅट सोडला तेव्हा त्यात हेच दोघं राहायला आले होते. सहा वर्षं तिथे काढून दीड महिन्यापूर्वी त्यांची बदली इकडे झाली होती. आता ते क्वीन्सटाउनला राहत होते.

मीराताईने चहा केला आणि विचारलं, की कसं आहे जी ते गाव, जिथे पद्माकरराव पुन्हा निघालेत?

पद्माकर म्हणाला, गाव कसलं, ते झोपायचं ठिकाण. साडेसहा-सात हजार वस्ती. सकाळची सहा बेचाळीसची गाडी सगळ्या कर्त्या माणसांना उचलून शहरात नेते आणि संध्याकाळी आणून टाकते. ज्याची जी जागा ठरली ती ठरली. तिसऱ्या डब्यात त्याच्यासमोर दोन वर्षं एकच माणूस बसायचा, चष्मा आणि तपकिरी बॅग. रोज ‘मॉर्गन’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचा आणि वर्तमानपत्र उघडायचा. दोन वर्षांत एवढा एकच शब्द. संध्याकाळी गाडी थांबली की शंभर-दीडशे माणसं उतरायची. सायकली, गाड्या, आणि तीन मिनिटांत फलाट रिकामा. रविवारी तर कामाला बंदीच असल्यासारखं, कपडे वाळत घातले तरी शेजारी खिडकीतून बघायचे. सारख्या छपराची घरं, सारखी कापलेली कुंपणं.

“आणि मधे काय होतं?” निहारिकाने विचारलं.

“कशाच्या मधे?”

“सहा बेचाळीस आणि संध्याकाळच्या मधे. गाव कुठे जायचं तेव्हा?”

निशिकांत हसला. म्हणाला, दादा, हिच्या तोंडी लागू नका, आपण दोघंही स्टेशनच्या पलीकडचं गाव बघितलेलं नाही. हिने सहा वर्षं मला हेच ऐकवलंय.

पद्माकर म्हणाला, की असेल. पण दर्शनाला तिथे फार एकटं वाटायचं. घरात सगळे प्रियदर्शिनीला दर्शना म्हणत. तिने दोन वर्षं त्या घरात कोंडून काढली, आणि म्हणूनच आपण सिंगापूर मागून घेतलं. वर्षभर तो सगळ्यांना हेच सांगत आला होता, स्वतःलाही.

निहारिकाने कप खाली ठेवला. वहिनींशी आपली ओळख दोनच दिवसांची, असं ती म्हणाली. फ्लॅटच्या किल्ल्या घेताना झालेली. पण त्या गल्लीतल्या कंपनीच्या भारतीय घरांत एक पद्धत होती. जाणाऱ्या घरातल्या बाईने येणाऱ्या बाईसाठी गावाची वही ठेवून जायची. नेहमी पानभर असायची, डॉक्टर कुठे, कचरा कोणत्या वारी. वहिनींनी अख्खी शंभर पानी वही भरली होती, नकाशासकट. गाव सोडताना ती पुढच्या बाईला द्यायची असते, पण पुढचं कुटुंब कन्नड होतं, त्यांना मराठी येईना. म्हणून ती बरोबर आणली.

तिने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि पद्माकरला न देता फोटोसमोर ठेवली.

जान्हवी इतका वेळ दाराशी बसून बुटांचे बंद सोडत-बांधत होती. तिने वहीकडे बघितलं, मग बापाकडे, आणि आत निघून गेली.

सोमवारी पद्माकरने वही कामाच्या बॅगेत टाकली, का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जुरोंग आयलंडवर आत शिरताना पास दाखवायचा, बाहेर पडताना दाखवायचा. दिवसभर पंप आणि व्हॉल्व यांच्यात त्याला वहीची आठवण झाली नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याने ती उघडली.

पहिल्या दोन पानांवर नकाशा होता, शाईच्या पेनाने काढलेला. अक्षर दर्शनाचं, ळ जरा जास्त वाटोळा. मधोमध रेल्वे. रुळांच्या वर जुनं गाव, चर्च, बेकरी. खाली नवी वस्ती, तीत त्यांची गल्ली. एका बाजूने ओढा येत होता आणि रुळांखालून जात होता. ओढ्याकाठी लहान लहान चौकोन. टेकडीवर कबरस्तान. पद्माकरला यातलं स्टेशन ओळखू आलं आणि स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता. बाकी गाव त्याने प्रथमच बघितलं. त्याने पान उलटलं.

‘सहा बेचाळीसची गाडी गेली की हे गाव बायकांचं, म्हाताऱ्यांचं आणि मुलांचं होतं. मग ते आवाज करतं. पहिला आठवडा वाटेल की सगळे मेले आहेत. तसं नाही. नऊ वाजता बेकरीत जा. तिथली फ्राऊ केलर (फ्राऊ म्हणजे बाई) दात नसल्यासारखं बोलते, पण मुलाला रोज एक बिस्किट फुकट देते. तिला आपली भाषा शिकायची हौस आहे. मी तिला ‘बाई’ शिकवलं आहे, तुम्ही पुढचं शिकवा.’

‘ओढ्याकाठचे चौकोन म्हणजे लोकांनी भाड्याने घेतलेल्या बागा. सातव्या नंबरची बाग म्हाताऱ्या हेर फॉग्टची, हेर म्हणजे श्रीयुत. बायको गेली आहे, मुलगा येत नाही. दोन वाफे त्याने मला दिले. एकात कोथिंबीर येते, जूनपासून. मेथी लावून बघितली, गोगलगाईंनी खाल्ली. त्याच्याशी बोलायला भाषा लागत नाही, कुदळ लागते.’

बसमध्ये पद्माकरला हसू आलं. कोथिंबीर ती दुकानातून आणते असंच तो समजत होता. घरी आल्यावर तिच्या नखांतली माती त्याने कधी बघितली नव्हती, किंवा बघितली असेल आणि विचारलं नसेल.

‘टेकडीवरच्या कबरस्तानात जायला घाबरू नका. तिथून सगळं गाव दिसतं. पाण्याच्या झाऱ्या खुंट्यांना टांगून ठेवलेल्या असतात, ज्याला लागेल त्याने घ्यायची. इथली माणसं जिवंतांशी फार बोलत नाहीत, पण मेलेल्यांच्या फुलांना रोज पाणी घालतात. एकदा मी एका कोणाच्याच नसलेल्या कबरीला पाणी घातलं. जान्हवीने विचारलं हे आपले कोण? मी म्हटलं गावकरी.’

चेकपॉइंट मागे पडला होता. बस एक्सप्रेसवेवर लागली. त्याने पान उलटलं, आणि या पानावर नकाशाचा एक तुकडा पुन्हा मोठा करून काढलेला होता. रूळ, फलाट, रुळांवरून जाणारा पायी पूल. फलाटाच्या अगदी शेवटी एक छोटं बाक.

‘संध्याकाळी पावणेसहाला पायी पुलावर उभं राहावं. वळणावरून गाडी येताना दिसते, मुलं हात करतात. पाच अठ्ठेचाळीसला ती येते. या देशात गाडी वेळेवर येते हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

आपला माणूस उतरतो पण लगेच घरी येत नाही. तो फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसतो. पंचवीस मिनिटं. काही करत नाही, हातावर हात ठेवून रुळांकडे बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाईट वाटलं. घरी येऊन तो म्हणाला, गाडी लेट होती. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर मी रडले, खोटं का लिहू. मग मला कळलं की दिवसभर त्याला तिथे त्यांची भाषा बोलावी लागते, चुकली की ते हसतात, आणि घरी आल्यावर आमच्याशी हसावं लागतं. या दोन्हींच्या मधे त्याला कोणीच नसायला हवं असतं. ते बाक त्यासाठी आहे.

तुमचाही माणूस बसला तर विचारू नका. पंचवीस मिनिटं द्यावी. पुलाच्या डाव्या जिन्याने उतरलं आणि ओढ्याच्या वाटेने गेलं, तर तो उठल्यावरही आपण त्याच्या आधी घरी पोचतो. चहा टाकायला वेळ मिळतो.’

पद्माकरने वही मिटली. शेजारचा चिनी फोरमन झोपला होता. पद्माकर खिडकीकडे तोंड करून बसला आणि बुओना व्हिस्टा येईपर्यंत तसाच बसून राहिला. त्या काळात तो दारात शिरला की चहा नेहमी नुकताच उकळत असायचा. त्याला वाटायचं, योगायोग. कधी कधी तिला धाप लागलेली असायची, गाल लाल झालेले असायचे. तो म्हणायचा, जरा बाहेर पडत जा, घरात बसून तब्येत बिघडते.

त्या बाकावर खरं काय होतं, हे तो कोणाला बोलला नव्हता. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि काही विचारत नव्हतं, एवढंच. जर्मनीत रोज पंचवीस मिनिटं गाडी लेट. असलं खोटं तिथल्या शेंबड्या पोरालाही पचलं नसतं, आणि त्याने दोन वर्षं ते बायकोला सांगितलं होतं. सोशिक होती, असं तो काल वीस माणसांसमोर म्हणाला होता.

बस सहा वाजून वीस मिनिटांनी थांबली. त्याचा ब्लॉक समोर होता. खाली कोपऱ्यावर कॉफी शॉप होतं, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. गेलं वर्षभर, खरं तर त्याआधी दर्शना असतानाही, बसमधून उतरला की तो तिथे बसायचा. एक कोपी-ओ, इथली बिनदुधाची कॉफी, घ्यायचा. सात वाजता लिफ्टने वर जायचा आणि म्हणायचा, ट्रॅफिक होतं.

आज तो खुर्चीपर्यंत गेला. कॉफीवाल्या आंटीने न विचारता कप उचलला. त्याने तिला हाताने नको म्हटलं आणि मागे वळून वर बघितलं.

अकराव्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून, जान्हवी उभी होती. खाली बघत होती. तो बघतोय हे कळल्यावर ती कठड्यामागे वाकली.

तो वर गेला. लिफ्ट दहाव्या मजल्यावर थांबायची, पुढे एक जिना चढावा लागायचा. जान्हवी जिन्यातच बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. घरात मीराताई भाकरी थापत होती, त्याचा आवाज तिथपर्यंत येत होता. तोही एक पायरी सोडून खाली बसला.

“रोज बघतेस?” त्याने विचारलं.

“रोज नाही. रेन असला तर नाही.”

“केव्हापासून?”

तिने खांदे उडवले. “आईबरोबर बघायचे. तिला बरं नव्हतं ना, तेव्हा ती चेअर घेऊन बसायची कॉरिडॉरमध्ये. बस आली की म्हणायची, आला. मग तुम्ही खाली बसायचे. मी म्हणायचे, कॉल करू? ती म्हणायची, डोन्ट कॉल. बाबाला हाफ अवर पाहिजे असतो.”

आजारपणाच्या त्या चार महिन्यांतही पद्माकर खाली बसायचा. वर आलं की तिच्याकडे बघावं लागायचं, म्हणून जास्तच बसायचा. एकदा तर तास बसला होता.

“मला प्रॉमिस करायला लावलं तिने,” जान्हवी म्हणाली. “ती नसली तरी कॉल करायचा नाही. मी केला नाही.”

“माहीत आहे.”

“पण मला वाटलं आता तुम्हाला हाफ अवर पुरत नाही.” ती जिन्याच्या गजाशी बोलल्यासारखी बोलत होती. “ड्रॉवरमध्ये तिकीट आहे. मी बघितलं. माझं आणि मावशीचं. रिटर्न नाहीये.”

मीराताईच्या भाकरीचा आवाज थांबला होता. ती ऐकत असणार. शुक्रवारी तिने पद्माकरला विचारलं होतं, काऊन जी, पोरीला नागपूरला ठेवून तुम्ही तिथे कोणासाठी राहणार? तेव्हा तो म्हणाला होता, की दर्शना मला तिथेच आठवते. ते खोटं नव्हतं. पण त्या गावातली दर्शना त्याने बघितलीच नव्हती. तो परत जाऊन पुन्हा त्याच बाकावर बसला असता, आणि आता पुलावर कोणी नसतं.

“तुला ते गाव आठवतं?” त्याने विचारलं.

“एर्लनश्टाइग? थोडं थोडं.”

त्याने बॅगेतून वही काढली, नकाशाचं पान उघडून दोघांच्या मधे पायरीवर ठेवलं. मराठी अक्षरं तिला जुळवून वाचावी लागायची, पण नकाशाला तिला अक्षरांची गरज पडली नाही. तिने बेकरीवर बोट ठेवलं, बिस्किट म्हणाली. ओढ्यावर ठेवलं, इथे माझा एक बूट वाहून गेला आणि आईने तुम्हाला सांगितलं की लहान झाला म्हणून टाकला. सातव्या बागेवर ठेवून म्हणाली की या ओपांकडे, बागवाल्या आजोबांकडे, ससा होता. घरातला तो फोटो त्यांनीच काढला होता, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याने. आई हसते आहे ती सशाला बघून. मग तिचं बोट पुलावर आलं आणि तिथे थांबलं.

“आम्ही इथे उभे राहायचो. मग रेस करायचो घरी. आई नेहमी जिंकायची, चीट करायची.”

“मी तिला सांगायचो, गाडी लेट होती,” पद्माकर म्हणाला.

“शी न्यू, बाबा.”

“हो.”

“शी वॉजन्ट अँग्री. म्हणजे आधी होती. मग नव्हती.”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिने तो काढला नाही. मग त्याने सांगितलं, की तू नागपूरला जाणार नाहीस आणि मीही कुठे जाणार नाही. उद्या सकाळी तसं कळवतो. मावशीला तुझं तिकीट परत करायला सांगू, ती चिडेल. आतून मीराताई म्हणाली, “मी कशाले चिडू? जेवायला या.”

जान्हवी उठली, पण घराकडे वळली नाही.

“तुमचा हाफ अवर राहिला आज,” ती म्हणाली.

“राहू दे.”

“नाही, पण तुम्हाला लागतो ना. आई म्हणायची लागतो.” ती घुटमळली. “मी येऊ? मी बोलणार नाही.”

मीराताईला दहा मिनिटं थांबायला सांगून दोघं खाली गेले. आंटीने कोपी-ओ आणली आणि जान्हवीला बर्फाचा चॉकलेटी मायलो. जान्हवी खरोखरच बोलली नाही. तिने वही समोर ओढली आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली, ओठ हलवत, दर्शना हिशेब करताना हलवायची तसे. पद्माकर हातावर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसला. कंपनीची दुसरी बस आली, पाच-सात माणसं उतरली, ब्लॉकांमधून आपापल्या लिफ्टकडे गेली, आणि रस्ता रिकामा झाला.

अंधार पडत आला होता. अकराव्या मजल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला. त्याने वर बघितलं आणि खुर्ची मागे सारून अर्धवट उठला. मग मीराताईने लावला असेल हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो पुन्हा बसला.

“काय झालं?” जान्हवीने विचारलं.

“काही नाही. वाच तू.”